तणसाचा हत्ती

दीदी, तुझी लेक माझ्याशी भांडली.

साधंसुधं नाही. छपरीतून थेट मागच्या बोळापर्यंत ऐकू जाईल असं. मला "तू" म्हणाली. "तुले काईच नाई येत" म्हणाली. चिखलाचा एक गोळा उचलून भिंतीवर मारला. भाऊ अंगणात धानाची पोती शिवत होते, ते हातातला दाभण टाकून धावत आले. त्यांना वाटलं, कोणी विहिरीत पडलं. आणि मला इतका आनंद झाला होता, की भांडण अर्ध्यात थांबू नये म्हणून मीही तिच्यावर आवाज चढवला.

आता हा आनंद सांगायचा कोणाला? असल्या आनंदाला न हसणारी या घरात एकच बाई होती. म्हणून तुलाच सांगते. पण पहिल्यापासून सांगते, कारण मधलं तुला माहीत नाही, आणि जे माहीत आहे तेही मी कधी तोंडानं बोलले नव्हते.

मी लग्न होऊन राजुऱ्याहून इथे आले तेव्हा तुला "तुमी" म्हणायचे. थोरली जाऊ, मान ठेवायचा, असं आईनं बजावून पाठवलं होतं. तू आठवडाभर ऐकून घेतलंस आणि मग चुलीपाशी म्हणालीस, "छोटी, मले दीदी म्हण अन् तू म्हण. तुमी म्हटलं की मले वाटते, माह्या मागं कोणी उभं हाय." मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली तू. भाऊंशी लग्न करून आलीस आणि पहिल्याच वर्षी आपल्याकडच्या बायकांसारखं "मी करतो, मी जातो" बोलायला लागलीस. फक्त रागावलीस की बंगाली निघायचं. पोरांनी तेवढं बरोबर उचललं. तुझी मिष्टी तुला "मा" म्हणायची, माझा ओम "जेठीमा". गावात इतर पोरांना मोठी माय असते, आमच्या ओमला जेठीमा होती, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

मातीच्या जनावरांचा तो पहिला हिवाळा आठवतो तुला? धान कापून शिवार मोकळं झालं होतं आणि तळ्याच्या पलीकडे वाघानं गाय मारली होती. वनखात्याची गाडी भोंग्यावर सांगत फिरली, की दिवस बुडायच्या आत पोरं घरात घ्या. तेव्हापासून सूर्य तळ्याच्या पाळीला टेकला की आपण कवाड लावायचो. माझा नवरा एसटीवर, गडचिरोली डेपोला, सुट्टीपुरता घरी. भाऊ पोत्यांच्या, धानाच्या मागे. आत आपण दोघी, दोन पोरं आणि एक मोबाइल. मंडईच्या जत्रेतली रात्रीची नाटकं आजूबाजूच्या गावांत रंगलेली, पण रस्ता जंगलातला, पोरांना नेणार कोण? मिष्टी रुसून बसायची. ओम मोबाइल घेऊन पालथा पडायचा. आणि माझ्या तोंडात दोनच वाक्यं उरली होती: ठेव तो मोबाइल, आणि जेवून घे. मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

एका संध्याकाळी तू धानाच्या तणसाचा मोठा भारा कवेत घेऊन छपरीत आलीस. मी म्हटलं, "दीदी, गोठ्यात टाकायचं ते इथे कुठे?" तू पोरांकडे पाठ करून बसलीस, सुतळी दातात धरलीस आणि तणस वळायला लागलीस. पोरांना बोलावलं नाहीस. "या, काहीतरी छान करू" असलं काही बोलली नाहीस. नुसती वळत, बांधत, मधेच स्वतःशी हसत बसलीस.

थोड्या वेळानं ओम सरकत सरकत आला. "जेठीमा, हे का होय?"

"मलेच माईत नाई," तू म्हणालीस. "पाहू, का होते तं."

ते रानडुक्कर झालं. दुसऱ्या दिवशी तू तळ्याच्या काठची माती आणलीस, तिच्यात गिरणीवरचा भुसा मिसळलास आणि पायानं तुडवलीस. तुझे बाबा गावात सरस्वतीच्या मूर्ती करायचे, आत तणस, वर माती. लहानपणी त्यांच्या बाजूला बसून बसून तुझा हात तयार झाला होता. हे मला तेव्हा कळलं. लग्नानंतर इतकी वर्षं तू मातीला हात लावला नव्हतास. मी विचारलं, काऊन? तू म्हणालीस, "पोट्टी लहान होती ना. मले वाटे, पोट्टी मोठी झाली की करीन. मंग या वर्षी वाटलं, पोट्टीच्या समोरच करतो. पाहीन तं पाहीन, नाई तं नाई."

मी म्हटलं, "पोरांसाठी किती करते गं तू."

तू जोरात हसलीस. "पोरायसाठी कोण करून राह्यलं? मले मजा येते म्हणून करतो!"

मला ते आवडलं नव्हतं, खरं सांगते. आईनं असं बोलू नये असं वाटलं होतं. आपण जे करतो ते पोरांसाठी, असंच मी मानत होते आणि दिवसभर चिडचिड करत होते. तू स्वतःसाठी करत होतीस आणि पोरं तुझ्या मांडीवर, पाठीवर, खांद्यावर होती.

डुक्कर वाळलं. चुन्यानं सुळे रंगवले, काजळीनं अंग. ओमनं त्याला भाताचा घास दिला. आणि काय झालं कोण जाणे, मी भाकरी थापता थापता डुकराच्या आवाजात बोलले. चिडका, नाकातला, सुट्ट्यांवरून भांडणाऱ्या कंडक्टरचा आवाज. "काय हो, हा भात कोणत्या गिरणीचा? खडे हायेत याच्यात!" राजुऱ्याला कॉलनीच्या गणपतीत मी नकला करायचे. सगळी कॉलनी पोट धरून हसायची. लग्नानंतर ते कुठे गेलं, मलाही पत्ता नव्हता. ओम हसून लोळला. मिष्टी रुसवा विसरली. तू चिखलाचे हात तसेच वर धरून माझ्याकडे पाहत राहिलीस.

"छोटी, हे कुठी लपवून ठेवलं होतं तू?"

दीदी, त्या एका प्रश्नावर मी किती दिवस चालले, तुला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी झाडताना मी डुकराची बायको शोधली, भांडी घासताना त्यांचं भांडण रचलं. भाजीला लाखोळीची कोवळी पानं खुडताना आवाज काढून पाहत होते, शेजारच्या काकूंना वाटलं मला ताप चढला. दुपारी अंगणात तुझी जुनी हिरवी साडी दोरीवर टाकून आपण पडदा केला. तू जनावरं नाचवायचीस, मी बोलायचे, मिष्टी डबा वाजवायची. रात्रीच्या नाटकाला जाता येत नाही ना, मग आपलं नाटक उन्हात! गल्लीतली पोरं वालाच्या शेंगा खात समोर बसायची. हिवाळा कधी संपला कळलंच नाही. मग दर हिवाळ्याला ते ठरूनच गेलं. घुबड झालं, मगर झाली, एक म्हातारी अस्वलीण झाली, जिला आपल्या सासूबाईंचा आवाज होता. तेवढं मात्र आपण दोघींतच ठेवलं.

आणि दर हिवाळ्याच्या शेवटी आपलं एक भांडण ठरलेलं.

पळस फुलला की तू सगळी जनावरं टोपलीत घालून तळ्यावर न्यायचीस आणि पाण्यात सोडायचीस. मला पाहवायचं नाही. "अगं, फळीवर ठेवू ना! किती सुंदर झालीये अस्वलीण. पुन्हा अशी होणार आहे का?"

"नाई होणार. दुसरी होईन."

"मला हीच पाहिजे."

"हे ठेवलं तं तू फळीकडे पाहत बसशीन अन् मी फळी पुसत बसीन. नवीन कोण करीन?"

"दोन्ही होतं, दीदी. ठेवायचंही आणि करायचंही."

"मंग तू ठेव अन् तूच कर, मी पाहतो."

तिथे माझं भांडण संपायचं, कारण मला करता येत नव्हतं. पण पटलं मला कधीच नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे, सांगून ठेवते. तू नाहीस म्हणून मी हरले असं समजू नकोस.

या वर्षी ओमनं हत्ती मागितला. छत्तीसगडाकडून आलेला कळप आपल्या बाजूच्या शिवारात शिरला होता, सगळ्या पोरांच्या तोंडी हत्तीच हत्ती. तू म्हणालीस, करू, पण लहान नाई करणार. हत्ती म्हटला तं हत्ती. भाऊंकडून बांबू चिरून घेतलेस. चार पाय आणि पाठ उभी केलीस, वर तणस आवळून बांधलंस. उंची माझ्या कमरेपर्यंत. डोकं राहिलं.

कापणीच्या ऐन घाईत तुला ताप आला. आधी गावातच औषध घेतलं, मग गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मी डबा घेऊन बसनं आले होते. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "तणस झाकलं का? दव पडते." मी म्हटलं, झाकलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. पण शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याकडेच पाहत होती आणि मला लाज वाटली. मी डब्याचं झाकण लावत बसले. म्हटलं, घरी आल्यावर बोलू.

ते आत्ता बोलते. दीदी, तू नसतीस तर मी या घरात चांगली सून झाले असते, चांगली आईही झाले असते, आणि एक दिवस आरशात पाहून विचारलं असतं की ही बाई कोण. तू मला माझा आवाज परत दिलास, तोही स्वयंपाकघरात, पोरं पायात घुटमळत असताना. एवढंच होतं. शेजारच्या बाईसमोर बोलले असते तर काय बिघडलं असतं?

तू गेलीस आणि मिष्टी शहाणी झाली.

सगळे कौतुक करायचे. पोरगी किती समजूतदार! स्वतःची वेणी स्वतः घालते, भांडी घासते, बापाला पाणी देते. काहीही म्हटलं तरी "हो, काकी". आणखी भात घे: हो, काकी. अभ्यासाला बस: हो, काकी. आपली मिष्टी, जी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायची! मला तिची भीती वाटायला लागली. भाऊ तर आधीच कमी बोलणारे, ते आणखी मिटले. दिवस लहान होत गेले, कवाड लवकर लागायला लागलं, आणि छपरीच्या कोपऱ्यात बारदानाखाली तो बिनडोक्याचा हत्ती उभा.

ओमनं एका संध्याकाळी विचारलं, "आई, हत्तीले डोकं कोण लावणार?"

मी मिष्टीला म्हटलं, "ये गं, आपण लावू." ती म्हणाली, "तुमी लावा, काकी. मी चहा करते." आणखी एकदा बोलावलं. तेव्हाही चहाच.

मग मी बोलावणं सोडलं. दुसऱ्या दिवशी बारदान काढलं, पोरांकडे पाठ करून बसले आणि सुतळी दातात धरली.

तुला वाटेल मी मुद्दाम चुकत होते. नाही गं! मला खरंच येत नव्हतं. तणसाचं डोकं बांधलं तर ते भोपळ्यासारखं झालं. माती थापली तर सगळी घसरून खाली आली. पण एक सांगू? दुपार कुठे गेली ते मला समजलं नाही. ओम सांगत होता की भूक लागली, आणि मला ते ऐकूच आलं नाही. "मले मजा येते म्हणून करतो" हे त्या दिवशी हाताला कळलं.

मिष्टी दारात उभी होती. ताट पुसत. म्हणाली, "काकी, भुसा नाई टाकला तुमी." आणि आत गेली.

मी भुसा टाकला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात. "इतका नाई टाकत." पुन्हा आत. तिसऱ्या वेळी मी सोंड लावायला घेतली, ओली, जड, अख्खी एकदम. ती लोंबली, वाकली आणि डोक्यासकट धप्पकन खाली पडली. ओम खदाखदा हसला. आणि मिष्टीच्या हातातलं ताट खाली आपटलं.

"असं नाई करत! सोंड आधी बांधा लागते, आतून, बांबूले! मा असं नव्हती करत! तुले काईच नाई येत!"

"नाही येत मला!" मी ओरडले. "तू दाखव ना मग! दारात उभी राहून काय शिकवतेस?"

"माच्या हातचा हत्ती हाय तो! तू खराब करून राह्यली!"

तेव्हाच तो गोळा भिंतीवर बसला. ओम घाबरून रडायला लागला. ती त्याच्यावर फिरली, "तू काऊन रडून राह्यला? मा माही होती!"

"जेठीमा माही बी होती!" ओम किंचाळला.

"तुही आई हाय ना इथी!"

"पण जेठीमा माही होती!"

दीदी, दोघं तुझ्यावरून भांडत होती. एका पतंगावरून भांडावं तशी. भाऊ दारात येऊन थबकले. मी त्यांना हातानं थांबवलं. आणि मग मिष्टी खाली चिखलातच बसली आणि रडली. इतके दिवस "हो, काकी" म्हणत जे कुठेतरी कोंडलं होतं ते सगळं बाहेर आलं. ओम तिला चिकटून बसला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला, आणि थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाली, "बांबूची कामटी कुठी हाय?"

कामटी भाऊंनी चिरून दिली. आम्ही सोंड आतून बांधली. ती सांगत होती, मी धरत होते, आणि काय रागावत होती म्हणून सांगू! माती ओली झाली की रागवायची, वाळली की रागवायची. मी मनातल्या मनात नाचत होते. कान काही जमेनात. मातीचे केले की गळून पडायचे. तेव्हा भाऊ आत गेले आणि माळ्यावरची दोन फाटकी सुपं घेऊन आले. हत्तीच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिले. तोंड एकदम गंभीर. आधी मिष्टी हसली, मग ओम, मग मी, आणि शेवटी ते स्वतः. सुपं धरलेली तशीच हलत होती, हत्ती कान हलवतो तशी.

चुना, राख, गेरू. सकाळच्या उन्हात तो वाळत ठेवायचो आणि दुपारी पुन्हा लिंपायचो. गल्लीतली पोरं भिंतीवरून डोकवायला लागली. मग एक दिवस भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, पडदा बांधला. अंगण भरलं. मी हत्तीच्या मागे बसले, घसा खाकरला, भारदस्त आवाज काढणार तेवढ्यात मिष्टी म्हणाली, "सरका काकी. हत्ती मी बोलतो."

आणि हत्ती बोलला. काय बोलला माहीत आहे? समोर बसलेल्या सगळ्या पोरांना म्हणाला, "आधी पाय पुसून या! आत्ताच सारवलं मी! का रे, तुले ऐकू नाई येत? नाक पूस!" मग रागाच्या भरात बंगालीत सुरू झाला. पोरं निमूट उठली आणि पाय पुसून आली. एका पोरानं तर खरंच नाक पुसलं. मी पडद्याआड ओंजळीत तोंड दाबून हसत होते, आणि हसताना कधी डोळे वाहायला लागले समजलं नाही. भाऊ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही. शेवटपर्यंत पाहिलं.

नाटक संपलं आणि ओमनं हत्तीच्या पायाला मिठी मारली. "हा ठेवाचा. जेठीमानं बांधला हाय."

"सोडाचा," मिष्टी म्हणाली. "मा सोडत होती."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दीदी, इतकी वर्षं मी ठेवायच्या बाजूनं भांडले. आणि या वेळी तर आत तुझ्या हातच्या गाठी होत्या. फळी काय, मी त्याला घराची अख्खी खोली द्यायला तयार होते. मी तसं बोललेही. "हा राहू दे, मिष्टी. हा एकच."

ती म्हणाली, "काकी, पुढच्या वर्षी मले गेंडा कराचा हाय. ठेवाले जागा कुठी हाय?"

रडवेल असं काही बोलली असती तर मी नाही म्हटलं असतं. ती जागेचं बोलली.

काल दुपारी आम्ही तो बैलबंडीत घालून तळ्यावर नेला. भाऊ काठी घेऊन पाळीवर उभे राहिले, पुढे गल्लीतली निम्मी पोरं. पळस नुकता पेटायला लागला आहे. आम्ही तिघांनी, चार पोरं हाताशी घेऊन, त्याला उचलून पाण्यात सोडलं आणि मी डोळे मिटले, कारण बुडताना मला पाहायचं नव्हतं.

तो बुडलाच नाही.

इतकं तणस तू आवळून बांधलं होतंस, की तो एका अंगावर कलला, सावरला आणि तरंगायला लागला. पाठ वर, सोंड वर, दोन्ही सुपं पाण्यावर पसरलेली. वारा लागला तसा डौलात मधल्या पाण्याकडे निघाला. बगळे उडाले. रंगाची एक पांढरी रेघ त्याच्या मागे लांबत गेली. भाऊ काठी टाकून टाळ्या वाजवत होते. ओम पाण्याशी उभा राहून "डावीकडं! डावीकडं!" ओरडत होता, जणू हत्तीला ऐकू येतं. आणि तुझी लेक, चपला हातात, वेणी सुटलेली, पाळीवरून त्याच्या बरोबरीनं धावत होती आणि मागे वळून मला बोलावत होती, "काकी, ये ना लवकर! पाह्य ना, कसा पोहून राह्यला!"

मी साडी खोचली आणि धावले.